मामांना समुद्र दाखवला तेव्हा

समुद्र पहिल्यांदा बघून आमचे मामा म्हणाले, "एवढं पानी, आन् एक घोट पिता येत न्हाई. काय कामाचं?" म्हणाले ते ह्यांना, पण ऐकवलं मला.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामा, पण ते चारचौघांत. तोंडावर हाक मारायची सोय नव्हती. सून डोक्यावर पदर घेऊन आतल्या दारात, सासरा बाहेरच्या खोलीत, आणि मधे नवरा. "सांग तिला, चहात साखर जास्त झाली." की हे दोन पावलं आत येऊन मला सांगणार, चहात साखर जास्त झाली. मी काय बहिरी होते? पण रीत ती रीत. लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासऱ्याचा एक शब्द सरळ माझ्याकडं आला नव्हता, आणि माझा एक त्यांच्याकडं गेला नव्हता.

ते चाकूरहून एवढ्या लांब अलिबागला आले होते ते आम्हाला परत न्यायला. लातूर नुकतंच उस्मानाबादपासून फारकत घेऊन जिल्ह्याचं गाव झालं होतं. नव्या कचेऱ्या उघडत होत्या, आणि बाहेर नोकरीला असलेले आमच्याकडचे लोक बदल्या करून घराकडं सरकत होते. हे अलिबागला सरकारी कचेरीत कारकून. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, नाव घेऊन मला रोज सांगायचे, "अप्पा म्हणतात, आपला जिल्हा झाला, आता परक्या मुलखात कशाला राहायचं?" मी विचारायची, "तुमचं काय म्हणणं?" तर म्हणायचे, "अप्पांच्या शब्दाबाहेर मी कसा जाऊ?"

मला जायचं नव्हतं. स्पष्टच सांगते. तिकडं दुष्काळ होता. चाकूरच्या घरी विहिरीत उतरून वाटीनं हंडा भरायचा, आणि हंडाभर पाण्यात अख्ख्या घराचं भागवायचं. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. लोह्याला माझ्या माहेरी त्याहून बरं नव्हतं, नांदेडला गोदावरीचीसुद्धा डबकी झाली होती. आणि इथं अलिबागेत दोन खोल्या, मागं नारळाची वाडी, दाराशी रहाटाची विहीर. दोर सोडला की पाणी. पहिल्या दिवशी मी कारण नसताना तीनदा पाय धुतले होते. माझ्या सासूला तिकडं तसं ठेवून मी इथं पाय धुते याची लाज वाटायची, नाही असं नाही. पण लाज वाटली म्हणून परत जावं, एवढी काही मी संत नव्हते.

म्हणून मी ठरवलं, मामांना हे गाव असं दाखवायचं की त्यांनीच म्हणावं, राहा बाबा इथं. चार दिवसांसाठी आले होते. पहिल्या दिवशी त्यांना कनकेश्वराला नेलं. आम्ही शंकराची माणसं, डोंगरावर महादेव आहे म्हटल्यावर विरघळतील वाटलं होतं. पायऱ्या चढून मामांनी दर्शन घेतलं, खाली समुद्राकडं बघितलं आणि म्हणाले, "देव चांगला हाय. पर गावात मासळीचा वास लई. सांग तिला, जेवण जाईना मला." दुसऱ्या दिवशी चौलला रामेश्वर. तिथं देवळात पर्जन्यकुंड आहे, पाऊस पडला नाही की उघडतात म्हणे, मग पडतो. मामा बराच वेळ त्या जागेपाशी उभे राहिले. "आमच्याकडं बी एक पाठवा म्हणावं," म्हणाले. मी पदरात हसले, पण आतून जळत होते. दोन दिवस गेले होते, आणि माणूस तसूभर हलला नव्हता.

रात्री हे म्हणाले, "उद्या मला कचेरी आहे. तू अप्पांना समोरच्या किल्ल्यात ने. समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचं तळं, ते बघून पाघळतील बघ." मला बरं वाटलं. आपला नवरा आपल्या बाजूनं आहे, नुसता बापाला भितो, एवढंच वाटलं.

मामांना गोड्या पाण्याचं कळलं तेव्हा त्यांनी फर्मान काढलं, आंघोळ आणि पूजा उद्या तिथंच. आमच्यात गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालत नाहीत. मामा त्या बाबतीत फार कडक. शेजारच्या काकूंनी मला बजावलं, "ओहोटी लागली की चालत जा, पण पाणी फिरायच्या आत परत या हो. रेंगाळू नका." मी ते ह्यांना सांगितलं, ह्यांनी मामांना सांगितलं, मामा "हं" म्हणाले.

सकाळी किनाऱ्यावर गेलो तर काल जिथं लाटा होत्या तिथं ओली वाळू आणि खडक, पार किल्ल्यापर्यंत. मामा थांबले. मग कुणाला तरी उद्देशून बोलल्यासारखं, पण माझ्याकडं पाठ करून म्हणाले, "हितं बी आटलं की." आवाजात चक्क समाधान होतं. मी काय बोलणार? सांगणारा मधला माणूस कचेरीत बसला होता. ते पुढं, मी दहा पावलं मागं, हातात बादली, तांब्या, धोतर आणि विभूतीची पुडी.

किल्ल्यातल्या तळ्याच्या पायरीवर मामा बसले. पाण्यात बोट बुडवून वास घेतला. मग तांब्यानं अंगावर घ्यायला लागले. घरी त्यांची आंघोळ दोन तांब्यांत व्हायची, त्यातलंही वाहून गेलेलं पाणी खाली परातीत धरलेलं असायचं, म्हशीला पाजायला. इथं ते घेतच राहिले. डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर. मी लांब भिंतीआड पाठ करून उभी होते, नुसता आवाज ऐकत होते, आणि खूश होते. पाघळले एकदाचे, म्हटलं.

मग ते पूजेला बसले. डाव्या तळहातावर इष्टलिंग, डोळे मिटलेले. मी जरा किल्ल्याच्या दरवाज्याशी जाऊन बघितलं. किनाऱ्याची वाळू अरुंद दिसत होती. आम्ही ज्या खडकांवरून आलो त्यांच्या मधल्या घळीत पाणी चमकत होतं. बघायला आलेली माणसं केव्हाच निघून गेली होती. खडकावरची कालवं फोडणारी एक बाई टोपली डोक्यावर घेऊन लगबगीनं निघाली होती, ती ओरडली, "पाणी फिरलं गो! जायचं तर आत्ता, नाहीतर संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत बसा आतच."

मी धावत मागं आले. मामांचे डोळे मिटलेलेच. पूजेतल्या माणसाला उठवायचं नाही, आणि सासऱ्याला हाक मारायची नाही. मी खोकले. बांगड्या वाजवल्या. बादली मुद्दाम दगडावर आपटली. काही नाही. परत दरवाज्याशी गेले, परत आले. पाण्याला घाई, मामा सावकाश. शेवटी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मामा, उठा. पाणी यायलंय."

त्यांनी डोळे उघडले. सुनेचा आवाज ऐकून माणूस नुसता बघत राहिला. मग कपाळाला आठी घालून डोळे परत मिटले.

"उठा म्हणते ना," मी ओरडले. "समुद्र काय तुमच्या पूजेसाठी थांबणार आहे?"

त्यांनी तीर्थ घेतलं, इष्टलिंग चांदीच्या डबीत ठेवून डबी गळ्यात अडकवली, आणि चालू लागले. दरवाज्यात मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत इथंच बसू. बाई म्हणाली तसं." तेव्हा ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले. "गुडघ्याएवढं पानी हाय. एवढ्याला भिऊन दिवसभर उपाशी बसावं?"

त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. आमच्या मुलखात गुडघ्याएवढं पाणी असलं तर ते उद्या घोट्याएवढं होतं आणि परवा चिखल. बघता बघता वाढणारं पाणी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मीही उलट बोलले नाही. दिवसभर उपाशी बसले तर संध्याकाळी ह्यांना एकच सांगतील, बिस्तरा बांधा. ती भीती मला पाण्याहून मोठी वाटली.

अर्ध्यात आलो तेव्हा पाणी कमरेला होतं. एका बाजूनं येत असतं तर समजलं असतं, ते दोन्हीकडनं येत होतं, आणि पायाखालची वाळू ओढली जात होती. बादली कधी सुटली कळलं नाही. मामा थांबले. एका हातानं डबी डोक्याच्या वर धरलेली, ओठ हलत होते, पाय हलत नव्हते. एक लाट छातीवर आली आणि ते कलले. मी त्यांचा हात धरला. सासऱ्याचा हात, भर दिवसा, डोक्यावरचा पदर पाण्यात गेलेला.

"पोरी, सोड मला. तू जा."

"गप चला," म्हटलं. "माझ्याकडं बघा. पाण्याकडं बघू नका."

ओढत नेलं मी त्यांना. पोहायला मलाही येत नव्हतं. लाट आली की दोघं थांबायचो, गेली की पाऊल टाकायचं. ती कालवंवाली बाई किनाऱ्यावर टोपली ठेवून परत पाण्यात शिरली होती, शेवटच्या घळीत तिनं मामांचा दुसरा दंड धरला. वाळूवर आल्यावर मी खालीच बसले. बाईनं आम्हाला दोन शिव्या घातल्या आणि टोपली उचलून गेली. बरोबरच केलं तिनं.

मामा समुद्राकडं तोंड करून बसले होते. आम्ही चालून आलो ती वाट आता कुठंच नव्हती. त्यांनी विचारलं, "रोज येतं हे?"

"दिवसातनं दोनदा."

"आन् तिकडं तुझी सासू वाटीनं हंडा भरतीय."

मला काय झालं कोण जाणे. हात धरून झाला होता, ओरडून झालं होतं, आता काय राहिलं? मी म्हटलं, "मामा, मला इथंच राहायचंय. तुम्ही आम्हाला नेऊ नका. वाटलं तर आत्याबाईंना इकडं पाठवा, मी सांभाळते."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "मी कशाला न्यायलोय तुम्हाला?"

"तुम्हीच म्हणता ना, बदली करून घ्या म्हणून."

"मी?" ते म्हणाले. "मी म्हणलो होतो, पानी हाय तिथं राहा सुखानं. त्यालाच करमंना हितं. जत्रेला आला तवा रडला माझ्याजवळ. म्हणला, अप्पा, तिला सांगायचा धीर होईना, तुम्ही येऊन म्हणा. लेकरू म्हणून आलो. वासाचं न् जेवणाचं बी त्यासाठीच काढायलो होतो."

मला थंडी वाजत होती. मी पदर पिळत बसले, पिळून झाला तरी पिळतच होते. दोन दिवस मी ज्या माणसाशी मनातल्या मनात भांडत होते, त्याचा काही संबंधच नव्हता. आणि रात्री "पाघळतील बघ" म्हणणारा माझा नवरा.

"वाईट न्हाई तो," मामा म्हणाले. "भित्रा हाय."

संध्याकाळी हे आले. आम्हाला कोरड्या कपड्यांत शहाण्यासारखं बसलेलं बघून हसत मामांना म्हणाले, "काय अप्पा, किल्ला आवडला का? काय ठरवलं मग?" मामा म्हणाले, "मला इचारू नको. तिकडं बघून बोल."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. चेहरा उतरला. मग उभ्या उभ्याच बोलले. रात्रभर समुद्राचा आवाज येतो, झोप लागत नाही. कचेरीत भाषेवरून हसतात. लातूरला आपले लोक आहेत. इथं जीव रमत नाही. सगळं खरं होतं, आणि मला एवढ्या दिवसांत यातलं काही माहीत नव्हतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," मी म्हटलं. "आणि मग आले असते."

बदली झाली. लातूरला आम्ही भाड्याच्या घरात राहिलो, नळाला पाणी कधी यायचं त्याचा नेम नव्हता, आलं की गल्लीत धावपळ. मामा आले की सरळ माझ्याशी बोलायचे, भांडायचे सुद्धा. आणि पाणी आलं की हे दारात येऊन विचारायचे, "हंडा उचलू का?" मी स्वतःच उचलायची. त्यांना "हो, उचला" म्हणायला मला वर्ष लागलं.