शिळेवरचे बारावे नाव

बाळाजी खैरनारांना नाशिक रोडच्या वसाहतीत कोणी ‘आमदार’ म्हणत नसे, कारण ती आमदारकी त्यांनी आपण होऊन सोडली होती. आणि ‘कॅप्टन’ही म्हणत नसे, कारण लष्करात ते जेमतेम पाच वर्षे होते. पक्षाच्या लेखी ते फौजी, फौजींच्या लेखी पुढारी. चौऱ्याहत्तर साली पत्नी कुसुम वारली. मूलबाळ नव्हते. त्यानंतर दाराची कडी वाजवी तो फक्त पोस्टमन.

तो आणत असे ती पत्रे एकाच प्रकरणाची असत. बासष्टच्या हिवाळ्यात कळवणजवळच्या वडाळपाड्यात तरुण आमदार खैरनारांनी फौजभरतीसाठी भाषण ठोकले होते. भिमाबाईचा एकुलता एक सहादू नाव द्यायला पुढे सरसावला, तशी ती गर्दीतून कडाडली, “दुसऱ्याची पोरं धाडायला तोंड लय चालतं, आमदार!”

बाळाजी खाली उतरले आणि कारकुनाला म्हणाले, “सहादूच्या आधी माझं नाव लिही.”

महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. पदवीधर असल्याने ते अधिकारी झाले, आणि परतलेही. सहादू पासष्ट साली आघाडीवर जाताना ट्रकसह दरीत कोसळला.

सत्याहत्तर साली स्मारक समितीने वडाळपाड्याच्या चौकात शिळा बसवली. पंचक्रोशीतल्या शहिदांची अकरा नावे; सहादूचे नाही. “तो गोळीनं गेला नाही,” चिटणीस म्हणाले.

“मंग काय जत्रेत मेला?” भिमाबाईने विचारले.

त्या दिवसापासून बाळाजी सहादूच्या नावासाठी अर्ज करू लागले. विषय, संदर्भ, सहपत्रे, खाली ‘कॅप्टन बाळाजी खैरनार’ अशी ठसठशीत सही. दोनदा जोडलेला दाखला ‘जोडलेला नाही’ म्हणून तिसऱ्यांदा मागवला गेला. कागद न वाचताच त्यावर शेरा मारण्याची कला आपल्याकडे पूर्णत्वास गेली आहे. सहा वर्षांनी उत्तर आले: ‘आपल्या अर्जातील नाव कोरण्यात आले आहे.’

बाळाजींनी कोटाला इस्त्री केली आणि एसटी धरली. भिमाबाई झेंडूचा हार घेऊन शिळेपाशी थांबली होती.

“वाचा, आमदार. मोठ्यानं वाचा.”

बारावी ओळ होती: कॅप्टन बाळाजी खैरनार.

समितीने अर्जदारालाच मयत ठरवले होते. ‘सहादू’ एवढा एकच शब्द उच्चारला असता तर म्हातारी सुखाने घरी गेली असती. पण इतक्या वर्षांत बाळाजींनी कागदावर खोटे लिहिले नव्हते. शिळेवरूनही खोटे वाचवेना.

“माझं नाव आहे, भिमाबाई.”

तिने हार पिशवीत घातला. “जित्याला हार नाय घालत मी.”

आपले नाव काढून तेथे सहादूचे कोरावे, असा अर्ज त्यांनी केला. उत्तर या खेपेस लगेच आले: मयताच्या नावात बदल करायचा असल्यास वारसाने अर्ज करावा.

ते पत्र बाळाजींनी रिकाम्या घरात दोनदा वाचले. वारस कोठून आणणार? दुसऱ्या दिवशी ते भिमाबाईच्या ओट्यावर जाऊन बसले आणि पत्र तिला वाचून दाखवले.

“मंग माझा अंगठा घ्या,” ती म्हणाली. “माझ्या पोराच्या जागी जाऊन बसलाय, तर वारस मीच की!”

त्यांनी अर्ज लिहायला घेतला. एका रकान्याशी पेन थांबले. “अर्जदाराचे मयताशी नाते. काय लिहू?”

“लिवा, ह्यानं जिचा लेक नेला, ती.”

बाळाजींनी ते शब्द सुवाच्य अक्षरात, जसेच्या तसे उतरवले, आणि शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवला.