ढोकरीचे पाय

अहल्येचं लग्न १९५२ साली ठरलं तेव्हा तिला एवढंच सांगितलं होतं की मुलगा बेंगळूरच्या सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे आणि निर्व्यसनी आहे. दोन्ही खरं होतं. पक्ष्यांबद्दल कोणी बोललं नव्हतं.

व्यंकोजीराव पहाटे सायकलवर हेब्बाळच्या तळ्याकडे जात आणि तिथूनच कारखान्यात. दिवसभर यंत्रांच्या भागांच्या सरळ रेघा, संध्याकाळी रद्दीतल्या नकाशांच्या पाठीवर खंड्या आणि पाणकावळे. एकदा तांदळाच्या डब्यात मेलेला तांबट पक्षी निघाला.

"अहो, हे तांदूळ आपण खातो!"

"स्वल्प थांब. मुंग्या लागू नयेत म्हणून ठेवलाय. पिसं मोजली की काढतो."

चित्र कोणाला आवडलं की ते देऊन टाकत, सही न करता. "पक्षी काय मी केलाय, सही करायला?" शेजारच्या अनुसूयाक्कांच्या घरात त्यांची सहा चित्रं होती, पण येणारे-जाणारे ती कॅलेंडरातून कापलेली समजत. अहल्येला हे फार लागे.

म्हणून १९६१ साली छापखानेवाले शेषगिरी शाळांसाठी चोवीस पक्ष्यांचा तक्ता करायला निघाले आणि खाली चित्रकाराचं नाव छापू म्हणाले, तेव्हा नवऱ्याच्या वतीने तिनेच होकार दिला.

मेअखेर तेवीस पक्षी तयार झाले. चोविसावी ढोकरी, म्हणजे तळ्याकाठचा भुरा बगळा, पायांवाचून अडली. विणीच्या दिवसांत तिची पाठ तांबूस होते, आणि थोडेच दिवस पायही लाल होतात. व्यंकोजीरावांनी ते एकदाच, ओझरते पाहिले होते.

"मग द्या की लाल! कुंकवाचा, मिरचीचा, कुठला हवा तो!"

"तोच तर प्रश्न आहे. पेंढा भरलेला पक्षी बघून चालत नाही. मेल्यावर पायांचा रंग उतरतो."

शेषगिरींचा निरोप आला: सोमवारी चित्र आलं नाही तर दुसरा चित्रकार बघतो. सोमवारी व्यंकोजीराव नेहमीसारखे तळ्यावर गेले. अहल्येने नऊ वर्षांत ढोकऱ्या कमी पाहिल्या नव्हत्या, आणि त्यांचे पाय हिरवटच असत. तिने हिरवट रंग कालवला, पाय रंगवले, छत्री घेतली आणि चित्र छापखान्यात नेऊन दिलं.

संध्याकाळी ते वहीत लाल रंगाचा एक ठिपका घेऊन आले. "सापडला!"

तिने सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पाठ विणीची आणि पाय थंडीतले," ते म्हणाले. "असा पक्षी जगात नाही, अहल्या."

चित्रं तोवर छपाईचे ठसे करायला मद्रासला गेली होती. ठसे आल्यावर व्यंकोजीरावांनी पाय बदलायला सांगितलं, तर शेषगिरींनी हात जोडले. "नवा ठसा करायचा तर शाळा सुरू होतील, स्वामी. पाय कोण बघतो?"

"मग माझं नाव काढा."

"सरी, तसं करू," शेषगिरी म्हणाले. नावाच्या अक्षरांचे शिशाचे खिळे काढायला मिनिटभरही लागलं नाही.

अहल्या चार दिवस बोलली नाही. जन्मात एकदा नाव छापून येत होतं, ते या माणसाने बगळ्याच्या पायांवरून घालवलं! आणि हिरवा रंग आपणच दिला होता, त्यामुळे धड भांडताही येईना.

तक्ते शाळांत लागले आणि नवी तऱ्हा सुरू झाली. शाळा सुटल्यावर हे रंगपेटी घेऊन शाळाशाळांत जाऊ लागले, तक्त्यावरचे पाय लाल करायला. मल्लेश्वरमच्या एका शाळेत शिपायाने त्यांना भिंती रंगवणारा समजून मागच्या दाराने घेतलं. त्यांनी घरी येऊन ते हसत हसत सांगितलं, तेव्हा मात्र अहल्येने पदर खोचला.

"उद्या मी येते. मुख्याध्यापकांशी मी बोलेन. तुम्ही फक्त पाय रंगवा."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच शाळेत ते स्टुलावर चढले, तिने पाण्याची वाटी धरली. पाय लाल झाले. ते कुंचला धुवायला नळावर गेले तशी ती स्वतः स्टुलावर चढली आणि बारीक कुंचल्याने तक्त्याच्या कोपऱ्यात, मुलांना वाचता येईल अशा कन्नड अक्षरांत, त्यांचं नाव लिहिलं.

ते परत येऊन बघत राहिले. ती भांडायच्या तयारीने उभी होती.

"पाय बरोबर आहेत ना आता?" तिने विचारलं.

"आहेत."

"मग?"

पुढच्या शाळेत पाय रंगवून ते खाली उतरले, कुंचला तिच्या हाती दिला आणि स्टूल धरून उभे राहिले.