जावयाची जपानी जेली

माझ्या सासऱ्यांना मी कॉफीने मारायला निघालो होतो, असं माझ्या सासुरवाडीत आजही समजलं जातं.

ही समजूत साफ चुकीची आहे. मी फक्त जेली करायला निघालो होतो. पुढे जे झालं त्यात अण्णांना इमर्जन्सीत न्यावं लागलं हे खरं, पण हेतू गोड होता. (साखर मोजून घातली होती.)

आम्ही रियाधला राहतो. मी एका बँकेत कॉम्प्युटरची कामं बघतो, बायको स्मिता मला बघते, आणि मुलगी ईशा इंडियन शाळेत आठवीत शिकते. त्या उन्हाळ्यात स्मिताचे वडील, म्हणजे आमचे अण्णा, व्हिजिट व्हिसावर चिपळूणहून आले होते. सासूबाई आंब्याच्या दिवसांत घर सोडायला तयार नव्हत्या, म्हणून एकटेच. अण्णा निवृत्त गणिताचे मास्तर. अतिशय सज्जन माणूस. जावयाच्या घरी अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हा त्यांचा कडक नियम. माझी करपलेली पोळीसुद्धा ते "खरपूस आहे हो!" म्हणून खायचे. फक्त एकच पथ्य होतं. आदल्या वर्षी त्यांच्या हृदयाचे ठोके मध्येच सैरावैरा धावायला लागले होते, तेव्हापासून डॉक्टरांनी चहा आणि कॉफी कायमची बंद केली होती. घोटभरसुद्धा नाही!

अशा घरात ईशाने वाढदिवसाला कॉफी मागितली.

"बाबा, फ्रायडेला माझ्या फ्रेंड्स येणार आहेत. आय वॉन्ट कॉफी जेली. वोही, मॉलवाली!"

मॉलवाली म्हणजे एक जपानी प्रकार. उंच ग्लास, तळाशी कॉफीच्या काळ्याभोर जेलीचे चौकोनी तुकडे, त्यावर थंडगार दूध, त्यावर क्रीम, आणि हे सगळं ओढायला बोटाएवढी जाड स्ट्रॉ. बाहेर पंचेचाळीस डिग्री तापमान असताना तो ग्लास नुसता बघितला तरी बरं वाटतं.

"त्यात काय आहे? घरी करू!" मी म्हणालो.

"कोण करणार?" स्मिताने विचारलं.

"मी."

तिने लगेच फोनवर केकच्या दुकानाचा नंबर शोधायला घेतला. "अहो, आपण केक मागवू या का?" (अण्णा घरात असले की मी 'अहो' असतो. एरवी 'अरे'. गॅसजवळ गेलो की 'अरे ए!')

पण मी चार व्हिडिओ बघून तयार होतो. पहिली अडचण जिलेटिनची आली. इथे ते हलाल असलं तरी गुराढोरांच्या हाडाकातड्याचंच, आणि अण्णा शुद्ध शाकाहारी. घरात आणायलाच नको. मग चायना ग्रास आणलं. समुद्राच्या शेवाळापासून करतात, पांढऱ्या दोऱ्यांसारखं दिसतं, आणि पाण्यात उकळून थंड केलं की घट्ट होतं. किती घालायचं ते पाकिटावर लिहिलेलं होतं. फक्त चिनी भाषेत! मी विचार केला, थोडं घालून जेली पातळ राहिली तर पोरींसमोर नाक कापलं जाईल. म्हणून अख्खं पाकीट घातलं. मग एवढ्या चायना ग्रासला कॉफी पुरणार नाही असं वाटलं, म्हणून कॉफीची नवी बाटली फोडली आणि उपडी केली.

"बाबा, ऑल ऑफ इट?" ईशा म्हणाली.

"जपानी लोक कंजुषी करत नाहीत," मी म्हणालो. (मी एकाही जपानी माणसाला ओळखत नाही.)

ते मिश्रण ट्रेमध्ये ओतलं. व्हिडिओत म्हटलं होतं की फ्रीजमध्ये ठेवून वाट बघा. वाट कसली बघताय! मी पातेलं घासायला वळलो तोवर ते ओट्यावरच घट्ट झालं. एक तुकडा कापून काढताना सुरी आवाज करत होती. तो तुकडा ईशाच्या हातातून पडला, त्याने फरशीवर दोन टप्पे घेतले आणि तो सोफ्याखाली गेला.

"बाबा, धिस इज नॉट जेली. धिस इज अ बॉल."

"फ्रीजमध्ये ठेवली की नरम होईल," मी म्हणालो. हे असं कुठल्या शास्त्रात बसतं ते मला आजही माहीत नाही.

शुक्रवारी सकाळी एक नमुना ग्लास भरून पाहिला. ईशाने स्ट्रॉने ओढलं. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, पण वर काहीच येईना. एक तुकडा स्ट्रॉमध्ये बूच मारल्यासारखा बसला होता. मी म्हटलं, दे इकडे, आणि दुसऱ्या टोकाने जोरात फुंकर मारली. तुकडा सुटला आणि समोर पोहे परतत असलेल्या स्मिताच्या कपाळावर सट्टकन बसला.

"अरे ए!" स्मिता ओरडली. अण्णा शेजारच्या खोलीत होते, तरीही!

निष्कर्ष असा निघाला की आणखी जाड स्ट्रॉ पाहिजेत, आणि भरपूर क्रीम पाहिजे, म्हणजे खालचं काही दिसणार नाही. जुम्म्याच्या नमाजासाठी दुकानं बंद व्हायच्या आत दोन्ही आणायला आम्ही तिघं निघालो. अण्णा उन्हामुळे घरीच थांबले. स्मिताने त्यांच्यासाठी आंब्याच्या रसाची वेगळी जेली वाटीत लावली होती. छान, मऊ, पिवळीधमक. दारातून बाहेर पडता पडता मी मोठ्या प्रेमाने म्हणालो, "अण्णा, फ्रीजमध्ये तुमच्यासाठी जेली ठेवलीय. सगळी संपवायची हं! उरली तर मला वाईट वाटेल."

मी 'आंब्याची' हा एक शब्द बोलायला विसरलो. पुढचं सगळं त्या एका शब्दाने झालं.

आम्ही परत आलो तेव्हा अण्णा सोफ्यावर ताठ बसले होते. ओट्यावर काळ्या जेलीचा ट्रे स्वच्छ घासून पालथा घातलेला होता. मी फ्रीज उघडला. दह्याच्या भांड्यामागे आंब्याच्या जेलीची वाटी जशीच्या तशी!

"अण्णा," मी विचारलं, "त्या ट्रेमधलं...?"

"संपवलं की!"

"सगळं?"

"तुम्हीच म्हणालात ना, सगळं संपवा. छान होतं हो. जरा..." अण्णांनी शब्द शोधला, "जरा घट्टमूट होतं."

स्मिताच्या हातातून क्रीमचा डबा खाली पडला. "अण्णा! ती कॉफी होती!"

"कॉफी?" अण्णांचा चेहरा पडला. ते काहीतरी बोलायला गेले, माझ्याकडे बघितलं, आणि गप्प बसले.

"किती घातली होतीस रे त्यात?" स्मिता माझ्याकडे वळली. 'अहो' केव्हाच संपलं होतं.

"बाटली," मी म्हणालो.

"बाटलीतली किती?"

"बाटलीतली सगळी."

त्यानंतर घरात जे काही झालं त्याला मी तरी पळापळ म्हणेन. ईशा फोनवर 'टू मच कॉफी' शोधून एकेक भयंकर गोष्ट मोठ्याने वाचायला लागली. स्मिता प्रेशरचं मशीन घेऊन आली. घाईघाईत पट्टा आधी माझ्याच दंडाला बांधला गेला. मग अण्णांना बांधला. प्रेशर वाढलेलं! नाडी धावतेय!

"बाळ, मला काही होत नाहीये गं," अण्णा म्हणाले.

"तेच तर! आधी काही होत नाही, मग एकदम होतं!"

"मी काय म्हणतो, ते मी तसं फार..."

"तुम्ही बोलू नका! बोलल्याने ठोके वाढतात!"

अण्णांनी तीन वेळा तोंड उघडलं आणि तीनही वेळा आम्ही ते बंद केलं. गाडीपाशी गेल्यावर मी दार उघडून घाईघाईने आत बसलो आणि स्टिअरिंग शोधायला लागलो. ते पलीकडे होतं. इतकी वर्षं डावीकडे बसून गाडी चालवतोय, पण घाबरलेला माणूस थेट मायदेशी जातो! रस्ते रिकामे होते, सगळा गाव मशिदीत. एवढं एक नशीब.

इमर्जन्सीत मल्याळी सिस्टर होती. "अंकलने क्या खाया?"

"कॉफी."

"पिया?"

"नहीं, खाया. जेली था. बहुत सारा."

तिने इजिप्शियन डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर चांगलं इंग्रजी बोलत होते, पण मला त्या क्षणी माझं अरबी दाखवायची काय हौस आली कोण जाणे! "काहवा," मी म्हणालो, "जामिद. कसीर. याबानी." म्हणजे कॉफी, घट्ट, पुष्कळ, जपानी.

डॉक्टरांनी वाकून अण्णांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. "ही इज जॅपनीज?"

"नो, नो! द कॉफी इज जॅपनीज. ही इज फ्रॉम चिपळूण!"

शेवटी ईशाने सगळं नीट इंग्रजीत सांगितलं, आणि दोन्ही तळवे हलवून जेली कशी थरथरते तेही दाखवलं. (आमची थरथरत नव्हती, पण ते सांगून उपयोग नव्हता.) अण्णांच्या छातीला वायरी लावल्या. ईसीजीची पट्टी निघाली. ठोके नियमित होते, फक्त जरा जलद. स्मिता कोपऱ्यात उभी राहून पदराने, म्हणजे ओढणीने, डोळे पुसत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो तर तिने तो झटकून टाकला. त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली. हा माणूस आपल्याकडे चार दिवस सुखाने राहायला आलेला, आणि आपण त्याला काय खायला घातलं! सासूबाईंना फोन करायचा तर कोणत्या तोंडाने?

डॉक्टरांनी बाटलीभर कॉफीचा हिशेब ऐकला आणि ते गंभीर झाले. म्हणाले, उद्यापर्यंत इथेच ठेवू. मॉनिटर लावू. खायला-प्यायला काही नाही. आणि पोटात अजून शिल्लक असेल तर ट्यूब घालून बाहेर काढावं लागेल.

"ट्यूब?" अण्णा इंग्रजीत म्हणाले. "फ्रॉम व्हेअर?"

डॉक्टरांनी स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं.

अण्णा पलंगावर उठून बसले. "मिलिंदराव," ते हळू आवाजात म्हणाले, "जरा जवळ या."

मी जवळ गेलो. स्मिताही आली.

"मी ते खाल्लं नाही."

"काय?"

"एक घाससुद्धा नाही. माफ करा. आधी चमच्याने काढायला गेलो, तर चमचा वाकला. मग सुरीने एक चिमूटभर काढून जिभेला लावलं. कडूजहर! मला वाटलं, खरवस करायला गेलात आणि जळला. आता तुम्ही एवढ्या कष्टाने केलेलं, वर सांगून गेलात की उरलं तर वाईट वाटेल. म्हणून म्हटलं..." अण्णांनी मान खाली घातली.

"मग गेलं कुठे ते?"

"बाल्कनीत. कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं."

स्मिताने कपाळावर हात मारला. "अण्णा! मग घरीच का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो गं! तू बोलू कुठे दिलंस? आणि आधी खोटं बोलून बसलो होतो ना, छान होतं म्हणून! सगळ्यांसमोर मागे कसं घ्यायचं? आयुष्यभर पोरांना खोटं बोललं म्हणून अंगठे धरायला लावले. मला सवय नाही, म्हणून ती नाडी धावत होती!"

स्मिता आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करायला लागली आणि सिस्टर तिच्यासाठीही खुर्ची घेऊन आली. डॉक्टर "व्हॉट? व्हॉट?" करत होते. मी म्हणालो, "डॉक्टर, ही डिड नॉट ईट. ही गेव्ह इट टू अ प्लांट."

"व्हाय?"

आता जावई म्हणून यावर काय उत्तर द्यायचं? ईशाने दिलं. "बिकॉज माय फादर मेड इट."

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग अण्णांचे हात हातात घेतले आणि मनापासून म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह!" म्हणजे देवाची कृपा! सिस्टरने पडद्यापलीकडच्या सिस्टरला मल्याळममध्ये काहीतरी सांगितलं आणि पलीकडूनही हसण्याचा आवाज आला. तरी त्यांनी अण्णांना थोडा वेळ झोपवून ठेवलं, पुन्हा पट्टी काढली, सगळं ठाकठीक आहे म्हणून सांगितलं आणि घरी सोडलं. बाहेर पडल्यावर तिथल्या भट्टीसारख्या हवेत मी इतका मोठा श्वास घेतला की नाक भाजलं. पण बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

संध्याकाळी ईशाच्या मैत्रिणी आल्या. स्मिताने आंब्याच्या रसाची आणखी जेली लावली, ती कापून दुधात घातली, वर क्रीम सोडलं, आणि पोरींनी ग्लास चाटूनपुसून साफ केले. अण्णांनीही एक घेतला, आणि यावेळी सगळ्यांसमोर, चमचा न वाकवता, संपवला. मी बाल्कनीत जाऊन कढीपत्त्याची कुंडी उकरली. माझे तुकडे मातीत जसेच्या तसे होते. दिवसभर रियाधचं ऊन खाऊन एकाचाही कोपरा झिजला नव्हता!

रात्री स्मिताने सासूबाईंना फोन लावून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "जावयांना फोन दे."

मी घाबरतच फोन घेतला.

"मिलिंदराव," सासूबाई गहिवरून म्हणाल्या, "तुमचे फार उपकार झाले हो. जेली जरा जरी चांगली झाली असती, तर ह्यांनी खाल्ली असती!"