चिडाच्या वाफ्यांना घातलेलं सल्फेट

आष्ट्याकडचा मी. चौथीत शाळा सुटली आणि उसाला पाणी पाजायला लागलो. लढाई संपली त्या साली महाबळेश्वरच्या डोंगरात, जंगलखात्याच्या रोपवाटिकेवर काम मिळालं, तेही तिथल्या म्हाताऱ्या माळ्यानं शब्द टाकला म्हणून. त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांचे उपकार अजून अंगावर आहेत.

उत्तरेतून बी आणून चिडाची, म्हणजे पाइनच्या झाडाची, रोपं केली होती. बोटभर वाढली आणि पिवळी पडली. साहेब तपासणीला येणार होते. रोपं गेली तर मला घरी धाडतील, ही एकच धास्ती. घरी बायकोला सातवा लागलेला.

मामा पंधरा दिवस लोणंदला लेकीकडं निघाले. म्हणाले, “आल्यावर खात्याच्या बंगल्याच्या जुन्या चिडांखालची माती आणू. ती मिसळली की धरत्यात. तवर हात लावू नगंस, गड्या.”

मला पटलं नाही. माती ती माती. आमच्या रानात ऊस पिवळा पडला की सल्फेटचं खत द्यायचं, पाणी सोडायचं, ऊस काळाभोर. कोठीत बटाट्यासाठी आणलेलं पोतं होतं. उसाला घालतात तसं मूठ मूठ बुडाशी घातलं. शेवटच्या वाफ्याला पुरलं नाही.

दहा दिवसांत रोपं अशी हिरवी झाली की मामा कधी येतात असं झालं. ते आले, एक रोप उपटलं. वर कोवळा फुटवा. खाली मुळी काळी, दोऱ्याएवढी.

“काय घातलंस?”

“सल्फेट.”

“आरं, ऊस हाय व्हय ह्यो? ताट वाढलंस, पर खायला तोंड कुठं हाय त्याला? जुन्या मातीत पांढरी बुरशी असती. ती मुळीला धरली म्हंजी मग खातंय झाड.”

चार दिवस कडक ऊन पडलं आणि वाफेच्या वाफे आडवे झाले. साहेबांनी विचारलं, “कुणी केलं हे?”

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, “म्या घातलं, साहेब. वय झालं.”

त्यानंतर बोलायला मला सबंध दिवस होता. मी बोललो नाही.

मामांना काढलं. त्यांचं गाठोडं घेऊन मोटारीपर्यंत गेलो. वाटभर ते उरलेल्या वाफ्याचंच सांगत होते: माती वाळू द्यायची नाही, ओल्या पोत्यात आणायची, मुळीजवळ पसाभर घालायची. “आवं मामा, माझ्यापायी...” म्हटलं, तर म्हणाले, “लेकरू येतंय तुझं. माझं काय ऱ्हायलंय?”

सांगितलं तसं केलं. पावसाळा लागेतो त्या वाफ्यातली रोपं हळूहळू गडद झाली. एक उपटून पाहिलं तर मुळीला पांढरी लव. साहेब खूश झाले. म्हणाले, “हुशार आहेस. तो म्हातारा असता तर हेही घालवलं असतं.” मला कायम केलं.

मी मान खाली घालून “जी” म्हणालो.