झोईची बहीण

आशालताबाईंचं धाकट्या बहिणीशी कधी पटलं नाही, आणि नवरा गेल्यापासून राहावं लागत होतं ते तिच्याच घरी, परदेशात, हिल्सबरोला. मुग्धा हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट. लग्न केलेलं नाही. फ्रिजमधले कप्पेसुद्धा दोघींनी वाटून घेतलेले. बोलणं कामापुरतं, तेही टोचून.

आशालताबाई पुण्यात इतिहास शिकवायच्या, म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेन्डरसनला असलेल्या मराठी ज्येष्ठांच्या मंडळानं त्यांना व्याख्यानाला बोलावलं. विषय त्यांनीच ठरवला: बायझंटाइन साम्राज्याचं मॅसिडोनियन घराणं. एवढ्या लांब बसनं जाणं जमेना, म्हणून मुग्धाला गाडी काढावी लागली. ती मागच्या रांगेत, जॅकेट न काढताच बसली.

बाई रंगून बोलत होत्या. शेतकऱ्याचा पोर बेसिल घोडी सांभाळता सांभाळता सम्राटाचा लाडका झाला, आणि त्याच सम्राटाचा खून करवून गादीवर बसला. घराणं वाढलं, दरारा वाढला. शेवटी वारसा चालवायला मुलगा उरला नाही. उरल्या दोन बहिणी, झोई आणि थिओडोरा.

"थोरल्या झोईनं धाकटीला मठात धाडलं," बाई म्हणाल्या. "कट शिजत होते. राज्य राखायचं तर दुसरा इलाज नव्हता."

"आणि तिचे केस कुणी कापायला लावले? तेही सांग ना, ताई!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मुग्धा उभी होती.

"प्रश्न शेवटी घेऊ," बाई म्हणाल्या.

"आई गेल्यावर मला पाचगणीच्या हॉस्टेलवर टाकलंस, तेव्हाही दुसरा इलाज नव्हता म्हणालीस. भाऊजींना मी घरात नको होते, एवढंच."

"त्या शाळेमुळे शिकलीस तू!"

"दिवाळीलासुद्धा न्यायला आली नाहीस."

"चहा घेऊया का?" मंडळाच्या निवेदिता साठे म्हणाल्या. कुणी हललं नाही.

"पुढचं मी सांगते," मुग्धा म्हणाली. "आठवडाभर भिंतीपलीकडून तुझी हीच तालीम ऐकतेय. लोकांनी थिओडोराला मठातून आणून गादीवर बसवलं."

"आणि तिच्याबरोबर घराणं बुडालं!" बाईंचा आवाज चढला. "मागे रडायलाही कुणी नव्हतं. तुझंही तेच होणार."

"तुझ्यामागे कोण आहे?"

मुग्धा किल्ली घेऊन निघून गेली. बाई घोटभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी व्याख्यान पुरं केलं. आवाज कापला नाही, याचं त्यांना समाधान वाटलं. टाळ्या मोजक्याच पडल्या. निवेदितांनी त्यांना घरी सोडलं.

मुग्धा किचनमध्ये भांडी घासत होती.

"मी माफी मागणार नाही," बाई म्हणाल्या.

"नकोच मागूस. दुसरी जागा बघ."

हेन्डरसनला एक खोली मिळाली. सामान न्यायला मुग्धाच आली, कारण गाडी तिची. तिनं एकेक खोकं आत आणून भिंतीशी रचलं, हात झटकले आणि वळली. बाईंनी तिला बस म्हटलं नाही. गाडी कोपऱ्यावर वळल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी आतून कडी लावली.