न शिजवलेलं बीफ

इटलीत लेकीकडे आलोय. तिनं हॉटेलात कार्पाच्चो मागवलं. म्हणजे कच्च्या बीफचे पापडासारखे पातळ काप, वर लिंबू, तेल आणि चीज.

"पप्पा, आई गेल्यापासून धड जेवत नाही तुम्ही. यात प्रोटीन आहे, लोह आहे. दोन घास तरी खा."

मला खाववेना. हिची आई, आमची रोझी, बीफ चुलीवर असताना पहिला तुकडा माझ्या तळहातावर ठेवायची. "बघा हो, शिजलं का?" इथं शिजवायचंच नाही, मग विचारणार कोण?

शेवटी एक काप तोंडात टाकला. गार, मऊ, आंबटसर. खोटं कशाला बोलू, चांगला लागला. चांगला लागला याचाच राग आला. पण लेक घास थांबवून माझ्याकडे बघत होती, म्हणून दुसरा उचलला.