पोटगीच्या तारखेची साडी

एका प्रतिज्ञापत्रासाठी आज कोर्टात गेले होते. व्हरांड्यातल्या बाकावर कडक इस्त्रीची साडी नेसलेली एक बाई बसली होती, शेजारी दप्तर घेतलेली तिची मुलगी. पोटगीची तारीख आहे, असं ती कुणाला तरी सांगत होती. मला आई आठवली.

तीही तारखेला ठेवणीतली साडी नेसायची. मामा वैतागायचा, "ताई, पोरीला मी पोसतो. त्याच्यापुढे हात कशाला पसरतेस?"

"हात कुठे पसरतेय? फारकत माझी झालीय, हिची नाही. तो बाप आहे हिचा."

शाळेत मला पोटगी या शब्दाची लाज वाटायची. आईला कधीच वाटली नाही. चार घरची धुणीभांडी जशी ती चुकवायची नाही, तशी तारीखही नाही. पोटगीच्या पैशांतून माझी फी भरली जायची, पुस्तकं यायची; तिची चप्पलसुद्धा कधी आली नाही.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. निकालाच्या दिवशी आईने गुणपत्रिकेची झेरॉक्स काढायला लावली आणि वडिलांना पोस्टाने पाठवली. म्हणाली, "त्याचाही वाटा आहे. कळू दे त्याला."

शिपायाने नाव पुकारलं. बाई निऱ्या सारख्या करत उठली आणि मुलीला म्हणाली, "चल. मान वर करून चाल."